बर्फात आणि डोंगरात खायचं काय? मराठवाड्यातून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नांदेड, लातूर, परभणी, बीड, संभाजीनगर या भागातून डिसेंबर ते मार्चमध्ये केदारकंठा, औली, गुलमर्ग, सोलंग अशा बर्फाच्या ठिकाणी जाणारी मंडळी वाढली आहेत. बूट, जॅकेट, हातमोजे यांची चौकशी सगळे करतात. खाण्याचा विचार मात्र निघायच्या आदल्या रात्री होतो, आणि मग बॅगेत बिस्किटं, वेफर्स आणि फरसाण जातं. आपल्या स्वयंपाकघरात याहून सरस पदार्थ आधीच आहेत. फक्त ते थंडीच्या हिशेबाने थोडे बदलून करावे लागतात.

घरून खाणं न्यायलाच हवं का? ट्रेकवाले तर जेवण देतात.

देतात, आणि बहुतेक ठिकाणी चांगलं देतात. अडचण असते ती सकाळच्या नाश्त्यापासून दुपारच्या जेवणापर्यंतच्या पाच-सहा तासांची. चढ त्याच वेळेत असतो आणि शरीराला उष्णताही तेव्हाच जास्त लागते. म्हणून जेवण मिळत असलं तरी दर माणशी, दर दिवशी २०० ते २५० ग्रॅम सुका खाऊ स्वतःचा ठेवा. सहा दिवसांचं ते साधारण सव्वा ते दीड किलो होतं. स्वतः शिजवणार असाल तर तिन्ही वेळचं मिळून दर माणशी ६५० ते ७५० ग्रॅम कोरडा शिधा धरा. बर्फातला दिवसभराचा चढ ३,००० किलोकॅलरीच्या वर सहज मागतो. घरी रोज जेवतो तेवढंच नेलं तर तिसऱ्या दिवशी हातपाय गार पडायला लागतात. त्याचं कारण पुष्कळदा कपड्यांपेक्षा पोटात असतं.

मागच्या वेळी नेलेलं सगळं पोहोचायच्या आतच खराब झालं. असं का होतं?

वर डोंगरात खाणं सहसा खराब होत नाही, तिथे तर फ्रीजच असतो. ते बिघडतं रेल्वेत. सचखंड एक्स्प्रेसने नांदेडहून अमृतसरला जायला दीड दिवस लागतो. डब्यात ऊब असते, आणि डबा भरताना पदार्थ गरम असला तर झाकणाला आतून घाम सुटतो. ते पाणी पोळीवर पडलं की दुसऱ्या दिवशी बुरशी.

तव्यावरून काढलेलं काहीही सुती कापडावर किंवा जाळीवर पसरून पूर्ण गार होऊ द्या. बोट लावून नको, गालाला लावून बघा, बोटाला कोमट कळत नाही. मग कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. पहिल्या दोन दिवसांचं खाणं आणि वरचं खाणं वेगवेगळ्या पिशव्यांत भरा. कांदा, मेथी, दूध, ओलं खोबरं असलेलं सगळं पहिल्या पिशवीत जातं आणि ती गाडीतच संपवायची असते.

दशमी, धपाटे की कडक भाकरी?

तिन्ही न्या, पण त्यांचे दिवस वेगळे.

धपाट्यात कांदा-मेथी घातली असेल तर पहिल्याच दिवशी खा. टिकाऊ धपाट्यासाठी दोन वाट्या ज्वारीचं पीठ, एक वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन, दोन चमचे तीळ, एक चमचा ओवा, हळद, तिखट, मीठ आणि दोन चमचे तेल घ्या. पीठ गरम पाण्यात भिजवा. ज्वारीला स्वतःचा चिकटपणा नसतो, गार पाण्यात भिजवलं तर थापताना कडा फाटतात आणि दुसऱ्या दिवशी तुकडे पडतात. कणीक त्यासाठीच घालायची. ओल्या फडक्यावर पातळ थापा आणि दोन्ही बाजूंनी तेल सोडून भाजा. हे हिवाळ्यात तीन दिवस निर्धास्त चालतात.

दशमी दुधात भिजवलेली असते, म्हणून ती मऊ राहते आणि म्हणूनच लवकर उतरते. तिला दोन दिवसांच्या पुढे नेऊ नका.

वर खरा उपयोग होतो तो कडक भाकरीचा. एरवीपेक्षा पातळ थापायची, तव्यावर भाजून विस्तवावर फुगवायची आणि मग मंद आचेवर उभी करून पापडासारखी खडखडीत होईपर्यंत वाळवायची. वाकवल्यावर कट्कन मोडली पाहिजे. मध्यभागी जरा जरी लवचीक राहिली तरी तिथे ओल आहे, ती भाकरी आधी संपवा. नीट वाळलेली भाकरी तीन-चार आठवडे टिकते. सॅकमध्ये तिचा चुरा होतो ही तक्रार खरी आहे, तेव्हा गोल डब्यात दोन भाकरींमध्ये कागद घालून ठेवा. चुरा झालाच तरी वाया जात नाही, तो येसरात, म्हणजे भाजलेली धान्यं, डाळ आणि मसाला दळून केलेल्या पिठाच्या आमटीत जातो.

येसर बर्फात खरंच चालतं का?

बर्फासाठीच केलंय असं वाटावं इतकं चालतं. पाकिटातल्या सूपपेक्षा येसराची आमटी पोटाला जास्त आधार देते, आणि धान्य व डाळ आधीच भाजलेली असल्याने तिला फार शिजवावं लागत नाही. ज्यांच्या घरी येसर कायम असतं त्यांना सांगायला नको, पण डोंगरासाठी करताना तीन-चार गोष्टी बदलाव्या लागतात.

प्रमाण असं: एक वाटी गहू, एक वाटी ज्वारी किंवा बाजरी, एक वाटी हरभऱ्याची डाळ, अर्धी वाटी धने, दोन चमचे जिरे, दोन चमचे तीळ, दहा-बारा सुक्या लाल मिरच्या, चार लवंगा, आठ-दहा मिरे, दालचिनीचा बोटाएवढा तुकडा, दोन तमालपत्रं, एक चमचा हळद. प्रत्येक जिन्नस वेगळा आणि मंद आचेवर भाजा. गहू तडतडून खमंग वास सुटेपर्यंत आणि डाळ आतपर्यंत बदामी होईपर्यंत. एक दाणा दाताखाली फोडून बघा, आत पांढरा कच्चेपणा दिसला तर अजून भाजायचा. घरी कच्चट येसर उकळत ठेवून सावरून घेता येतं. वर तेवढं इंधन नसतं आणि पाणीही तेवढं तापत नाही. मग आमटीला पिठाची चव येते आणि पोट जड होतं.

पहिला बदल म्हणजे खोबरं घालू नका. भाजलेलं खोबरं प्रवासाच्या उबेत खवट होतं, आणि विमानाची अडचण वेगळीच आहे, ती पुढे आहे. दुसरा, वर फोडणी करता येत नाही, म्हणून घरीच करून न्या. पाव वाटी करडईच्या तेलात लसणाचे पातळ काप लाल कुरकुरीत होईपर्यंत तळा, कढीपत्ता घाला, दळलेलं येसर त्यात टाका आणि मंद आचेवर पाच मिनिटं परता. लसूण मऊ राहिला तर त्याची ओल पिठाला लागते. तिसरा, मीठ त्यातच मिसळा, म्हणजे वर अंदाज चुकत नाही. चौथा, अमचूर किंवा वाळवून कुटलेली चिंच घाला. थंडीत तोंडाला चव राहत नाही, आंबटाने ती येते.

आता करायचं कसं. माणशी दोन मोठे चमचे येसर आधी गार पाण्यात कालवा, मग उरलेलं पाणी घालून उकळा. पाणी एकूण दीड पेला. उकळत्या पाण्यात कोरडं येसर टाकलं की गुठळ्या होतात, आणि त्या हातमोजे घालून मोडत बसायला कोणाला वेळ नसतो. चार-पाच मिनिटं उकळी आली की कपात कडक भाकरी कुस्करा, वरून आमटी ओता आणि दोन मिनिटं झाकून ठेवा. भाकरी कडेने मऊ होते, मध्ये थोडी कुरकुरीत राहते, तेव्हा खा. वरून चमचाभर तूप, एवढ्यात एक वेळचं जेवण होतं.

डाळ-तांदूळ नेले होते, तासभर उकळूनही शिजले नाहीत. चूक काय झाली?

चूक उंचीची आहे. दर ३०० मीटर चढल्यावर पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. संभाजीनगरला पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, केदारकंठ्याच्या माथ्याच्या उंचीवर, म्हणजे सुमारे ३,८०० मीटरवर, ८७ अंशांनाच. बुडबुडे भरपूर दिसतात, पण पाणी तेवढं गरम नसतं. आच वाढवून काही फरक पडत नाही, इंधन तेवढं जास्त जळतं. तुरीची डाळ तिथे उघड्या भांड्यात शिजवायच्या नादाला लागू नका. तीन लिटरचा कुकर असेल तर मूगडाळीची खिचडी होते, पण घरी दहा मिनिटं लागत असतील तर तिथे पंधरा धरा, कारण बाहेरचा दाब कमी असल्याने कुकरच्या आतलं तापमानही घरच्याइतकं चढत नाही.

कुकर नसेल तर हातशेवया, पोहे, भाजलेला रवा, लाह्यांचं पीठ आणि सातूचं पीठ असे पदार्थ न्या. सातूच्या पिठाला तर चूलही लागत नाही. भाजलेले गहू आणि डाळवं यांचं पीठ, निम्म्याने गूळ, वर कोमट पाणी. स्टोव्ह पेटवायचीही ताकद उरलेली नसते अशा संध्याकाळी याचं मोल कळतं.

लाडू दगडासारखे का होतात?

पाक केलात म्हणून, किंवा तुपात वळलेत म्हणून. गुळाचा पाक थंडीत काचेसारखा होतो, चिक्कीने दात दुखावल्याच्या घटना याच कारणाने होतात. तूप तर शून्याच्या बरंच आधी थिजतं.

अर्धा किलो शेंगदाणे भाजून साल काढून घ्या, ३०० ग्रॅम किसलेला साधा गूळ (चिक्कीचा गूळ नव्हे), १०० ग्रॅम भाजलेले तीळ, एक चमचा सुंठ, अर्धा चमचा मीठ. मिक्सर थांबत थांबत फिरवा, नाहीतर एका जागी तेल सुटून लगदा होतो. गूळ घालून परत दोनदा फिरवा. शेंगदाण्याच्या स्वतःच्या तेलावर लाडू वळतात, वरून काही लागत नाही. घरी करतो तेवढे मोठे वळू नका. तीस ग्रॅमचा, दोन घासांत संपणारा लाडू वळा, असे साधारण तीस होतात. प्रत्येकात सुमारे १५० किलोकॅलरी असतात. बटर पेपरात सैल गुंडाळा. प्लास्टिकचं चिकटवलेलं पाकीट हातमोज्यांनी उघडत नाही, आणि हातमोजे काढले की बोटं बधिर होतात.

स्की करताना केव्हा आणि काय खायचं?

उतरणीवर पोट गच्च भरलेलं असेल तर वाकता येत नाही, रिकामं असेल तर दुपारी पाय थरथरतात. नाश्ता स्की सुरू करण्याच्या दीड तास आधी भरपूर करा. त्यानंतर दर पाऊण ते एक तासाने दोन घास. एक लाडू किंवा मूठभर शेंगदाणे-फुटाणे, एवढंच. हा खाऊ सॅकमध्ये न ठेवता जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, अंगाच्या उबेने मऊ राहतो. दुपारी भरपेट भात टाळा, गरम पातळ काहीतरी आणि भाकरी पुरे. नवशिक्यांचे धडपडण्याचे प्रसंग दिवसाच्या शेवटी जास्त येतात, म्हणून दुपारी तीनच्या सुमाराचा घास चुकवू नका.

तूप चांगलं की तेल?

गरम खाण्यावर घालायला तूप, कोरड्या पदार्थात तेल. आणि तेलात करडईचं. आपल्याकडचं हे जुनं तेल शून्याच्या खालीही पातळ राहतं, शेंगदाण्याचं तेल त्या थंडीत गढूळ होऊन घट्ट होऊ लागतं. शेंगदाण्याची, जवसाची किंवा कारळाची चटणी करडईच्या तेलात कालवून छोट्या रुंद तोंडाच्या डबीत न्या. अरुंद बाटलीतून काहीच बाहेर येत नाही. भुरका (लसूण-तिखटाची तेलातली चटणी) आवडत असेल तर तो प्रवासातच संपवा.

मॅगी खाल्ली तर काय बिघडतं?

बिघडत काही नाही, गरम असते आणि पटकन होते. पण एका छोट्या पाकिटात सुमारे ३०० किलोकॅलरी असतात आणि प्रथिनं जेमतेमच. जेवणाऐवजी चालत नाही. त्यात मूठभर शेंगदाणे आणि चमचाभर तूप टाका.

वर भूकच लागत नाही, मळमळतं. काय खावं?

उंचीवर भूक मरते, हे नेहमीचं आहे. तळलेलं आणि तेलकट त्या वेळी उतरत नाही, पिठूळ आणि गोड उतरतं. सातूचं पीठ, पातळ शेवया, राजगिऱ्याचा लाडू, गुळाचा खडा, आमसूल, जिरं-मीठ-गूळ घालून वळलेली चिंचेची गोळी यांनी सुरुवात करा आणि थोडं थोडं खा.

पोट फुगण्याची तक्रारही येते. बाहेरचा दाब कमी झाला की पोटातला वायू फुगतो, त्यामुळे राजमा, हरभरे आणि कच्चा कांदा घरी सोसत असले तरी वर त्रास देतात. हुलग्याचं माडगं (हुलग्याच्या पिठाचं गरम पातळ पेय) थंडीत फार छान, पण घरी कधी प्यायला नसाल तर पहिला प्रयोग तिथे करू नका.

डोकेदुखी, उलट्या, तोल जाणं, बसल्या जागी धाप लागणं असं काही असेल तर तो खाण्याचा प्रश्न राहिलेला नाही. गटप्रमुखाला लगेच सांगा आणि खाली उतरा. मद्य तर घेऊच नका.

पाणी किती प्यावं? बर्फ खाल्ला तर चालतो का?

तीन ते चार लिटर, चहा-आमटी धरून. थंडीत तहान कळत नाही, लघवीचा रंग बघा. बर्फ खाऊ नका, तो वितळवायला शरीराचीच उष्णता खर्च होते. वितळवताना भांड्यात आधी थोडं पाणी घ्या आणि मग बर्फ टाका. नुसता भुसभुशीत बर्फ ठेवला तर तळाला भांडं करपतं आणि पाण्याला जळका वास लागतो. ताजा बर्फ दहा भांडी वितळवाल तेव्हा कुठे भांडंभर पाणी होतं. त्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून चिमूटभर मीठ आणि गूळ घाला. वितळवून झाल्यावर उकळायचंच. रात्री बाटली मोज्यात घालून उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूला आधी धरतो, म्हणजे सकाळी बूच उघडतं.

गुळाच्या चहात दूध फाटण्याची भीती असते. त्यापेक्षा सुंठ आणि मिऱ्यांचा कोरा चहा करा, गूळ भांडं उतरवल्यावर घाला.

स्टोव्ह सकाळी पेटतच नाही.

गॅसची डबी नुसत्या ब्युटेनची असेल तर शून्य अंशाच्या आसपास त्याची वाफच होत नाही. आइसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाची डबी घ्या आणि रात्री झोपण्याच्या पिशवीत पायाशी ठेवा. ज्योतीवर डबी गरम करायला कधीही जाऊ नका, आणि बंद तंबूत स्टोव्ह लावू नका.

विमानाने जाताना काय नेता येत नाही?

सुकं खोबरं, कारण त्यात तेल फार असतं आणि ते पेट घेण्याचा धोका मानला जातो. गॅसच्या डब्या कुठल्याच सामानात चालत नाहीत, रेल्वेतही नाहीत. त्या तिथे उतरल्यावरच घ्या. लोणचं आणि तेलातल्या चटण्या मोठ्या सामानात, दुहेरी पिशवीत.

तिथलं काय खाऊन बघावं?

उत्तराखंडात मंडुव्याची रोटी मिळेल, ती आपली नाचणी. झंगोरा आपल्या भगरीच्या जवळचा, आणि गहत म्हणजे चक्क हुलगे. मराठवाड्याच्या पोटाला हे नवं नाही, बिनधास्त खा. हिमाचलात सिड्डू, म्हणजे आंबवलेल्या कणकेचा वाफवलेला पाव, तुपाबरोबर, काश्मीरमध्ये कहवा आणि मिठाचा नून चहा. उघड्यावर कापून ठेवलेली फळं आणि गार चटण्या टाळा, पोट बिघडलं तर सगळी सहल तंबूत जाते.

उपवास किंवा मधुमेह असेल तर?

चढाच्या दिवशी कडक उपवास नको. करायचाच तर राजगिऱ्याचे लाडू, खजूर, शेंगदाणे, भगर भरपूर खाऊन करा. मधुमेह असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्या. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं, ते अंगाशी ठेवा. साखर मोजायचं यंत्रही थंडीत चुकतं किंवा बंद पडतं, तेही आतल्या खिशात.

हेच खाणं आपल्याकडच्या किल्ल्यांवर चालेल का?

अंतूर, वेताळवाडी, सुतोंडा किंवा देवगिरीवर जाताना हिशेब उलटा होतो. इथे उन्हात गुळाचे लाडू पाघळतात, चटणीचं तेल सुटतं आणि घामातून मीठ जातं. धपाटे, कोरडी चटणी, काकडी, जालन्याची मोसंबी आणि मीठ-साखर-लिंबाचं पाणी न्या. दह्याचा डबा सकाळी दहाच्या आत संपवा. पाणी माणशी तीन लिटर खालूनच घ्या, वरच्या टाक्यांवर विसंबू नका. देवगिरीवर माकडं हातातली पिशवी ओढतात, म्हणून खाणं सॅकच्या आत ठेवा आणि चालता चालता काढू नका.

शिधा भरायचा कसा, आणि कचऱ्याचं काय?

प्रत्येक दिवसाची वेगळी पिशवी, वर स्केचपेनने १, २, ३ असे आकडे. म्हणजे पहिल्याच दिवशी सगळे लाडू संपत नाहीत. एक पिशवी जादा, रस्ता बंद झाला तर लागणारी, ती शेवटच्या मुक्कामापर्यंत उघडू नका. बाजारातल्या वस्तूंची वेष्टनं घरीच काढून टाका, ओझं कमी होतं. बर्फात टाकलेली साल किंवा पाकीट कुजत नाही, उन्हाळ्यात बर्फ उतरला की तिथेच वर येतं. म्हणून रिकामी झालेली पहिल्या दिवसाची पिशवी कचऱ्यासाठी ठेवा आणि ती खाली गावापर्यंत घेऊन या.